भाचा म्हणतोय, बंदूक बनवायला शिकायला जातो. काय सांगू?

परतूरचा_मामा

मंडळी, राम राम. विषय जरा वेगळा आहे, आधीच सांगतो.

थोरल्या ताईचा पोरगा. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधून टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा झाला, सध्या वाळूजला एका कंपनीत डाय फिटिंगला आहे. पोराचा हात चांगला आहे, सुपरवायझर नाव काढतात. पण बऱ्याच दिवसांपासून डोक्यात एकच खूळ. अमेरिकेत म्हणे गनस्मिथिंगच्या शाळा असतात, तिथं जाऊन स्वतःच्या हातानं शिकारीची रायफल बांधायची आणि पुढं तोच धंदा करायचा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर लेथ आणि बंदुका. ताई म्हणते, "एवढं शिकवलं ते कट्टे बनवायला का?" दाजींनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलंय. आणि समजूत घालायला मला धाडलंय, का तर आमच्या आबांच्या नावावर बारा बोअर होती म्हणून खानदानात मीच त्यातला जाणकार!

समजूत घालायची तर आधी मला तरी कळायला पाहिजे. अशा शाळा खरंच असतात का? काय शिकवतात? आणि शिकून आला तर इथं त्याचं करणार काय?

खवट_पेरू

बिहारात मुंगेरला पाठवा. फी नाही, व्हिसा नाही, आणि पुढची राहायची सोय सरकारच करतं. जेवणासकट.

शेंगदाणा_चटणी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मामा, पेरूचं मनावर घेऊ नका.

(पण मुंगेरात परवानाधारक कारखानेही आहेत हो, एकनळी-दुनळी बनवणारे. मीर कासिमनं अठराव्या शतकात राजधानी तिकडं हलवली तेव्हापासूनची कारागिरी आहे ती. बदनाम झालंय ते बेकायदा कट्ट्यांमुळं.)

जागल्या_जिंतूर

मामा, जाऊ द्या पोराला. पहिली ऑर्डर माझी लिहून घ्या.

चेष्टा नाही. औंदा भुईमूग भरायला आला आन् डुकरांनी एका रात्रीत अर्धं वावर उकरून टाकलं. तुरीत रोह्यांचा (नीलगायींचा) मुक्काम. कुंपणाला करंट सोडायची झटका मशीन आणली तर तिची बॅटरीच कुणी लांबवली. माळ्यावर जागल करून करून कंबर धरली. पंचनाम्याला माणूस येईस्तोवर वावरात दुसरं पीक उभं राहतंय. रायफल ऱ्हाऊ द्या, ठासणीची भेटली तरी भागंल.

अॅड_लातूर

जागल्या भाऊ, ठासणीचं आधी सांगते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, परवाना मागता येतो. पण बंदुकीचा परवाना हातात आला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही. ते प्रकरण १९७२ च्या वन्यजीव कायद्यातलं. कलम ११ खाली वनखात्याकडून वेगळी लेखी परवानगी लागते. दोन कागद, दोन खाती. एक असून दुसरा नसला की थेट आरोपी.

आता मामांच्या भाच्याचं. हे नीट वाचा आणि त्यालाही वाचायला द्या. कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं, चाचणी घेणं, यातल्या कशालाही परवाना लागतो. 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत सुटे भाग येतात, आणि शस्त्र बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. तेव्हा "हौस म्हणून कंपनीच्या लेथवर एक नळी करून बघितली" हे वाक्य कोर्टात कुणी ऐकून घेत नाही. यूट्यूब बघणं गुन्हा नाही. शनिवारी सुटीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन हात साफ करणं आहे.

परतूरचा_मामा

ताई, धन्यवाद. हे दाजींना दाखवू की नको?

अॅड_लातूर

भाच्याला आधी.

गोदाकाठची

मला एक कळत नाही. धागा एका मुलाच्या शिक्षणाचा आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादातच आपण डुकरं मारायला निघालो. शिकार या देशात १९७२ पासून बंद आहे ती काही उगाच नाही. आमच्या गंगाखेडकडं काळविटांचे कळप दिसायचे असं आजी सांगायची. त्यातले किती उरलेत? 'शिकारीची रायफल' म्हणताना डोळ्यात चमक येणाऱ्या लोकांचं मला नवल वाटतं. मुलाला यंत्रांची आवड आहे तर दुसरं काय कमी आहे?

जागल्या_जिंतूर

बाई, आजीच्या टायमाला डुकरंही कमी होती. ती आता वाढली, त्याचं कोन बघनार?

शेंगदाणा_चटणी

२०१६ ला बिहारात मोकाम्याला नीलगायी मारल्या तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांचीच जुंपली होती, आठवतंय? जावडेकर एका बाजूला, मनेका गांधी दुसऱ्या. आणि केरळनं २०२२ मध्ये रानडुकरांसाठी ग्रामपंचायतीच्या प्रमुखांना अधिकार दिले, परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करून. म्हणजे दोघांचंही म्हणणं कुठं ना कुठं सरकारनं मानलेलं आहे. भांडा निवांत.

अंबाजोगाईचा_परदेशी

उशिरा आलो, पण हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं.

मूळ मोरेवाडीचा, आता बरीच वर्षं कोलोरॅडोत. मामा, शाळा खरंच असतात आणि चांगल्या जुन्या आहेत. कॅलिफोर्नियात सुझनव्हिलचं लासेन कॉलेज, आमच्या राज्यात ट्रिनिडाड स्टेट, पिट्सबर्गची पेनसिल्व्हेनिया गनस्मिथ स्कूल. तिन्हीकडचं हे शिक्षण १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं. महायुद्धावरून परतलेल्या पोरांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलत होतं, त्यांना हातात धंदा हवा होता. युरोपात याहून जुन्या आहेत, बेल्जियममध्ये लिएजला, ऑस्ट्रियात फेरलाखला. मी पूर्णवेळ विद्यार्थी नव्हतो. नोकरी सांभाळून उन्हाळ्यातले छोटे वर्ग करत करत स्वतःपुरती एक ३०-०६ मापाच्या काडतुसाची रायफल बांधली, एल्कच्या शिकारीसाठी. एल्क म्हणजे सांबराच्या जातीतला, पण अंगानं बराच मोठा. गोदाकाठच्या ताई, तुमचा राग समजतो. इथं हे रानाचं खातंच चालवतं. किती परवाने द्यायचे, कुठल्या भागात, नर की मादी, सगळं दरवर्षी ठरतं. आणि १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना सहसा शिकाऱ्याचा वर्ग पास केल्याशिवाय परवाना नाही.

आता काय शिकवतात ते. पोराला आधी हे सांगा की सुरुवातीला बंदूक हातात देतच नाहीत. लोखंडाचा ठोकळा, कानस आणि काटकोन्या. सहाही बाजू सपाट आणि काटकोनात येईपर्यंत घासा. उजेडाकडं धरून काटकोन्याखालून फट दिसली की परत. आमच्या मास्तरांचं बोलणं फार नसायचं, ठोकळा नुसता टेबलावर परत सरकवायचे.

रायफल "बांधणं" म्हणजे सगळंच घरी बनवणं नाही. मधला सांगाडा, ज्याला ॲक्शन म्हणतात, तो विकत घेतात. माझा जुना माउझर ९८, म्हणजे १८९८ च्या जर्मन बनावटीवरचा. अमेरिकी कायद्याच्या नजरेत नंबर असलेला तो सांगाडा म्हणजेच बंदूक, बाकी नळी-दस्ता हे नुसते भाग. (वकीलताईंनी सांगितलेलं आपल्याकडचं चित्र याच्या उलट आहे, ते लक्षात घ्या.) नळी आतून आटे पाडलेली, पण बाहेरून ओबडधोबड अशी मिळते. माझ्या नळीत दर दहा इंचाला गोळीचा एक फेरा. मग लेथवर ती सरळ धरणं, मागच्या टोकाला आटे पाडून ती ॲक्शनला बसवणं, आणि काडतूस बसतं ती खोली रीमरनं, म्हणजे भोक मापात कापायच्या हत्यारानं, कापणं. हे शेवटचं काम सगळ्यात जिवाचं. थोडं कापा, रीमर बाहेर काढा, कीस पुसा, तेल घाला, परत. शेवटी शेवटी तर यंत्र बंद करून हातानं.

मग गेज. दोन पोलादी गेज असतात, काडतुसाच्या आकाराचे. एकावर बोल्ट (मागून नळी बंद करणारा दट्ट्या) बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दोन्हींत फरक जेमतेम काही थाऊचा, म्हणजे इंचाच्या काही हजाराव्या भागांचा. बोल्ट एका बोटानं ढकलायचा, जोर लावायचा नाही. एवढी कटकट का, तर ३०-०६ मध्ये बार उडताना साठ हजार पीएसआयपर्यंत (चौरस इंचावर इतके पौंड) दाब चढतो. आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पंधरा-वीस असतो! आणि हे सगळं आपल्या गालापासून वीतभर अंतरावर.

लाकडाचं उद्या लिहितो, इथं रात्र झाली.

टर्नर_चिकलठाणा

@परदेशी, दादा, मस्त. वाचताना हात शिवशिवले. एक विचारतो, नळी चकमध्ये धरता की दोन सेंटरमध्ये? आणि रन-आउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, कुठं मोजता, नळीच्या बाहेरून की आतल्या भोकावरून?

अंबाजोगाईचा_परदेशी

बरोबर जागी बोट ठेवलंत. भोकावरून. बाहेरचा गोल आणि आतलं भोक एका मध्यावर असतंच असं नाही. भोकात घट्ट बसणारी दांडी घालून तिच्यावर डायलची सुई टेकवायची आणि चार जबड्यांचा चक थोडा थोडा करत सुई थांबेपर्यंत आणायचा. धरायची हेडस्टॉकमधून आरपार, दोन्ही टोकांना स्क्रू लावून. बाहेरून मोजून कापलं तर खोली वाकडी जाते आणि काडतूस एका अंगाला रेलतं.

टर्नर_चिकलठाणा

म्हणजे हे आपलंच काम आहे की. मामा, तुमच्या भाच्याला यातलं निम्मं येतंच असणार. डाय फिटिंगवाल्याला कानस आणि थाऊ नव्यानं शिकवायची गरज नाही.

परांडेकर

बंदुकीवरून आठवलं. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेसमोर लोक फोटो काढतात, पण ती ओतली अहमदनगरला १५४९ साली, आणि विजापूरला जायच्या आधी ती आमच्या परांड्याच्या किल्ल्यावर होती. दौलताबादची मेंढा तोफ तर सगळ्यांनीच बघितली असेल, मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड असलेली. तिच्या बुरुजावर मधोमध ती फिरवायची सोय आहे. सांगायचा मुद्दा, नळी ओतायचं आणि फिरवायचं काम या भागाला नवं नाही.

खवट_पेरू

मामा, नवा पर्याय: भाच्याला तोफ बनवायला सांगा. माणशी दोनच बंदुका बाळगायची मर्यादा तोफेलाही आहे का, वकीलताई?

अॅड_लातूर

तोफेला परवाना मागायला तुम्ही स्वतः या. मला कलेक्टर ऑफिसमधले चेहरे बघायचेत.

नर्सीचा_बाळू

एक भाबडा प्रश्न. आपल्याकडं ज्याच्या त्याच्याकडं ३१५ बोअरचीच रायफल का? आमच्या पाटलांकडं पण ३१५, पिक्चरमध्ये पण ३१५.

शेंगदाणा_चटणी

इंग्रजांची कृपा. लष्कराच्या मापाची काडतुसं साध्या माणसाकडं गेली तर शिपायाची गोळी बंडखोराला चालेल, म्हणून .३०३ वगैरे मापं नागरिकांना बंद केली. मग बिगरलष्करी म्हणून .३१५ चाललं. गंमत म्हणजे ते काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या लष्कराच्या मानलिशर रायफलीचं! इंग्रज गेले, .३०३ अजून निषिद्ध बोअरमध्येच आहे, आणि आपला सरकारी कारखाना ली-एनफिल्डच्या धर्तीवरची .३१५ काढत राहिला. आधी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड होतं, ऑक्टोबर २०२१ ला त्याच्या सात कंपन्या केल्या.

अंबाजोगाईचा_परदेशी

लाकडाचं राहिलं होतं.

दस्ता अक्रोडाचा. वर्षानुवर्षं सुकवलेला ओंडका घेतात, ओलसर राहिला तर पुढं पीळ पडतो आणि नळीला ढकलतो, नेम हलतो. त्यात ॲक्शनच्या आकाराची खाच करायची. निम्मं यंत्रावर होतं, पण शेवटचं बसवणं हातानंच. लोखंडाला काजळी लावायची, हलक्या हातानं लाकडात दाबायचं, उचलायचं. लाकडावर जिथं काळा ठिपका उमटला तिथंच टेकतंय, तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत काजळी, परत दाब. सुरुवातीला दोन-तीनच ठिपके दिसतात. कानाकोपऱ्यापर्यंत सारखे ठिपके उमटले की बसलं. नंतरच्या काळात लोक थोडी जागा मोकळी ठेवून त्यात इपॉक्सी भरतात, पाऊस-उन्हात ते टिकाऊ. मी खाच नुसत्या लाकडाचीच ठेवली. माझी हौस.

आणि निळा रंग. नळीवर जी काळसर निळी झाक असते ती रंग नसून गंजच असतो. द्रावण लावून दमट पेटीत गंज चढू द्यायचा, पाण्यात उकळायचं, तांबडा गंज काळा होतो, बारीक तारेच्या लोकरीनं पुसायचा. परत परत. घाई करणाऱ्यांसाठी कॉस्टिकचं उकळतं द्रावण आहे, एका दिवसात होतं. पण हळू चढवलेल्या रंगाला जी मऊ झळाळी असते ती त्याला येत नाही. याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

टर्नर_चिकलठाणा

काजळीच्या जागी आम्ही शेंदूर लावतो. लेथचा बेड स्क्रेप करताना शेंदूर लावून सरफेस प्लेट फिरवायची, ठिपके बघायचे, खरवडायचे. आमचे उस्ताद (पूर्वी जालन्याला होते) शेंदूर करंगळीनंच लावायचे, ब्रशला हात लावला की ओरडायचे. जाड थर बसला की ठिपका खोटं बोलतो म्हणायचे.

गोदाकाठची

आता हे वाचायला आवडलं, कबूल करते. शिकारीबद्दलचं मत तेच आहे.

अंबाजोगाईचा_परदेशी

राहू द्या ताई, घरात आमच्या हिचंही तेच आहे. एल्कचं मटण मात्र खाते.

मामा, एक महत्त्वाचं राहतंय, आणि भाच्याला हे कुणी सांगितलं नसेल. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्यानंच बंदी आहे. अपवाद थोडे, त्यातला कामाचा एकच: कुठल्या तरी राज्याचा वैध शिकारीचा परवाना जवळ असणं. म्हणजे बंदूक बनवायच्या शाळेत बसायचं तरी आधी शिकारीचा परवाना. प्रवेशाआधी शाळेला लेखी विचारा, परदेशी विद्यार्थी घेता का, कुठल्या व्हिसावर घेता आणि या अटीचं काय करता. आणि एजंटाच्या नादी लागू नका.

दुसरं, बांधलेली रायफल तो गावी आणणार असेल तर विसरा. इकडून निर्यातीचा परवाना, तिकडं डीजीएफटीचा (केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याचा) आयात परवाना, सवलत नामांकित नेमबाजांना. हात मात्र घेऊन येता येतो, त्याला कस्टम नाही.

खवट_पेरू

शेवटचं वाक्य दाजींना पाठवा मामा. डोळ्यात पाणी येईल.

सई_परभणी

मी इतका वेळ नुसती वाचत होते. आता मामांच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण त्यावर कुणीच धड लिहिलं नाही.

माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं आणि आमच्याकडंही रेंजवर पोरांची रांग लागली. रायफली येतात जर्मनीहून, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ. किंमत लाखांत. पण त्या येतात मोठ्या माणसांच्या मापानं, आणि आमची पोरं तेरा-चौदा वर्षांची. गालाखालची पट्टी, खांद्याची प्लेट, मुठीची पकड, हे सगळं प्रत्येक पोराच्या हाडापेराप्रमाणं बसवावं लागतं. पकड दोन मिलिमीटर जाड असली तरी बोट घोड्यावर तिरकं पडतं. आम्ही काय करतो? एम-सील लावतो आणि पॉलिश पेपरनं घासतो. हवा गळायला लागली की रायफल कुरिअरनं मोठ्या शहरात. मागच्या वेळी एका दुकानात ती पडून राहिली आणि पोरीची झोनल स्पर्धा उधारीच्या रायफलवर झाली.

लाकूड आणि लोखंड दोन्ही कळणारा माणूस मला औरंगाबाद-परभणी-नांदेड पट्ट्यात अजून भेटलेला नाही. असला तर सांगा, मी आज फोन करते.

टर्नर_चिकलठाणा

संभाजीनगर म्हणा ताई, नाहीतर धागा दुसरीकडंच जाईल.

सई_परभणी

सवय आहे हो. मुद्दा कळला ना?

अॅड_लातूर

सईताईंचा मुद्दा कायद्यातही बसतो. ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल २०१६ च्या नियमांनुसार परवानामुक्त आहे. स्पर्धेच्या दहा मीटरच्या रायफली त्याच्या बऱ्याच आत असतात. गालपट्टी आणि पकड बसवण्यात काही अडचण नाही. फायरआर्म्सची, म्हणजे दारूवर चालणाऱ्या बंदुकांची दुरुस्ती करायची असेल तेव्हा मात्र वेगळा परवाना, तो आधी काढायचा आणि मगच कानस उचलायची.

शेंगदाणा_चटणी

आणि नोकरीच म्हणाल तर अमेठीजवळ कोरव्याला लष्कराच्या एके-२०३ रायफली बनतात, कानपूरला सरकारी कारखाने आहेत, खासगी कंपन्याही या धंद्यात उतरल्यात. टूल रूमच्या पोराला तिथं गेज आणि फिक्स्चरचं काम असतं. अमेरिकेची फी भरायच्या आधी ते दारही ठोठावून बघा म्हणावं.

परतूरचा_मामा

मंडळी, काल पोराला घरी बोलावलं. सगळा धागा त्याच्यासमोर उघडून ठेवला.

व्हिसाचं वाचून तो म्हणाला, "मामा, मला माहितीय ते." मी म्हणलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणे, "कुणी विचारलंच नाही, सगळे रडतच होते." शनिवारच्या वर्कशॉपचं विचारलं, तर छातीवर हात ठेवून सांगितलं की बंदुकीचा एक भागसुद्धा केलेला नाही. फक्त गेल्या दिवाळीला सुटीत एक अक्रोडाचा तुकडा मिळवून त्यावर चौकटीची नक्षी कोरायचा सराव करतो. दाखवला. रेघा एका इंचात वीसेक असतील, डोळे फिरले माझे. कडेला दोन-तीन ठिकाणी रेघ घसरलीय, ती त्यानंच आधी दाखवली.

अमेरिकेचं अजून ठरलं नाही. पैसा मोठा आहे, ताईचं मन नाही. कोरवा-कानपूरचं तो बघतो म्हणाला. पण सईताईंचा प्रतिसाद त्यानं परत परत वाचला आणि मला विचारलं, त्यांच्या मुलीच्या रायफलीची पकड अक्रोडाची आहे का प्लायवूडची.

सई_परभणी

लॅमिनेटेड आहे, थरांची. रविवारी सकाळी पाठवा त्याला, मुलं दहापर्यंत रेंजवर असतात. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पट्टी एकदम घासायची नाही, आधी पोरगी उभी राहील, मग बघायचं. आणि त्याचा स्वतःचा व्हर्निअर आणायला सांगा, इथल्याचे जबडे झिजलेत.

जागल्या_जिंतूर

जिंतूर परभणीच्या वाटंवरच हाय. येताना डुकरं पण बघून जा म्हनावं.